पार्श्वभूमी : ‘सुपरबग’चा गदारोळ आणि त्यात हरवलेला वॉर्ड

बाळंतिणींना हात लावण्याआधी डॉक्टरांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुतले की मृत्यू घटतात, हे व्हिएन्नात १८४७ मध्येच दिसले होते. आपल्याकडे रुग्णालयातल्या संसर्गाची जाहीर चर्चा पेटली ती मात्र ऑगस्ट २०१० मध्ये, आणि तीही एका ‘सुपरबग’च्या, म्हणजे बहुतेक औषधांना दाद न देणाऱ्या जंतूच्या, नावावरून.

दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या लघवीत २००८ मध्ये क्लेब्सिएला जंतू सापडला. आयसीयूत शेवटचा आधार मानली जाणारी कार्बापेनेम गटातली औषधेही त्याच्यापुढे लुळी पडत होती. ती निकामी करणाऱ्या, जंतूतल्या विकराच्या (एन्झाइमच्या) नावात ‘न्यू डेल्ही’ आले. २०१० मध्ये भारत, पाकिस्तान व ब्रिटनमधल्या नमुन्यांचा अभ्यास ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाच्या संसर्गरोगविषयक अंकमालिकेत छापून आला आणि इथे एकच गहजब झाला. वैद्यकीय पर्यटन बुडवण्याचा हा कट आहे, असे थेट संसदेत बोलले गेले. व्हेरोना आणि साओ पावलोच्या नावांचीही अशी विकरे होती, हे कोणी ऐकून घेईना. जानेवारी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’च्या संपादकांनी या नावाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. नाव काही बदलले नाही. शहरावर असा शिक्का नको, हा आक्षेप रास्तच होता. पण कटाची भाषा तकलादू होती. कारण मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयाने मार्च २०१० मध्येच, भारतीय नियतकालिकात, तीन महिन्यांत मिळालेल्या २४ कार्बापेनेमरोधक जंतूंपैकी २२ मध्ये हेच विकर असल्याचे सांगितले होते. तेव्हा कोणाच्या अस्मितेला धक्का लागला नाही!

या भांडणात बेसिनजवळ लटकणारा सगळ्यांचा एकच टॉवेल, गरज संपूनही न काढलेला कॅथेटर आणि एका सिस्टरच्या वाट्याला येणारे भरमसाट पेशंट हे वॉर्डात संसर्ग वाढवणारे मुद्दे मागेच राहिले.

पुढे २०११ मध्ये प्रतिजैविकांबाबत राष्ट्रीय धोरण आले. मार्च २०१४ पासून ठरावीक प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद ठेवणे औषध दुकानदारांना बंधनकारक झाले. एवढी कडक नजर दुकानाच्या काउंटरवर. वॉर्डातल्या संसर्ग-नियंत्रणाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे यायला जानेवारी २०२० उजाडले. पाठोपाठ कोविड आला. पहिल्या लाटेत देशातल्या दहा रुग्णालयांची पाहणी झाली. त्यात रुग्णालयात असताना दुसरा संसर्ग जडलेल्या कोविड रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक दगावल्याचे आढळले.