वक्त्यांची यादी बनते तिथेच स्त्रिया गळतात

विज्ञान परिषदेतला परिसंवाद, पाच वक्ते, पाचही पुरुष. आयोजकांना विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: ‘या विषयात बायका कमीच आहेत, योगायोगाने असं झालं.’ योगायोग असेल तर तो मोजता येतो. समजा, त्या विषयात काम करणाऱ्यांत ३० टक्के स्त्रिया आहेत. चिठ्ठ्या टाकून पाच नावं उचलली, तर पाचही पुरुष निघण्याची शक्यता ०.७ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे १७ टक्के. साधारण सहा परिसंवादांत एकदा असं होऊ शकतं, त्यावरून कुणाला बोल लावता येणार नाही. पण अख्ख्या परिषदेत २० निमंत्रित वक्ते असतील आणि त्यांत एकही स्त्री नसेल, तर हीच शक्यता ०.०८ टक्क्यांवर घसरते. हजारात एकदाही नाही. तिथे योगायोगाचं कारण टिकत नाही.

या गणितातला ३० हा आकडा मात्र आपल्या विषयाचा हवा. ‘बायसवॉचइंडिया’ हा २०२० मध्ये दोन स्त्री शास्त्रज्ञांनी सुरू केलेला उपक्रम हेच करतो: परिषदेतल्या स्त्री वक्त्यांचं प्रमाण त्या विषयातल्या स्त्री प्राध्यापकांच्या प्रमाणाशी ताडून पाहतो. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या सगळ्या शाखा मिळून भारतात स्त्री प्राध्यापक साधारण १७ टक्के भरतात, पण जीवशास्त्रात हे प्रमाण अभियांत्रिकीपेक्षा बरंच जास्त आहे. त्यामुळे सरसकट सरासरी घेऊ नये. मागच्या दोन-तीन परिषदांच्या शोधनिबंध-पुस्तिका आणि प्रमुख विभागांच्या वेबसाइट घेऊन बसलं, तर एका दुपारचं काम आहे. नावावरून अंदाज बांधताना गफलत होते हे लक्षात असू द्यावं. ‘किरण’ किंवा ‘सुहास’ कोण, हे नुसतं वाचून सांगता येत नाही, आणि ‘एस. पी. कुलकर्णी’ असं लिहिलेलं असलं की आपण सवयीने ‘ते’ धरून चालतो. शक्य तिथे नोंदणीच्या अर्जातच ज्याचं त्याला लिहू द्यावं. तिथे स्त्री-पुरुष या दोन चौकटींपलीकडे आणखी एक जागाही ठेवावी.

आता यादी कोण करतं ते पाहू, कारण खरी मेख इथे आहे. अमेरिकन सोसायटी फॉर मायक्रोबायोलॉजी या संस्थेच्या दोन मोठ्या परिषदांमधल्या २०११ ते २०१३ या काळातल्या ४६० परिसंवादांचा आणि १,८४५ वक्त्यांचा हिशेब २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या परिसंवादाच्या संयोजकांत निदान एक स्त्री होती, तिथे स्त्री वक्त्यांचं प्रमाण केवळ पुरुष संयोजक असलेल्या परिसंवादांपेक्षा ७२ टक्क्यांनी जास्त भरलं. म्हणजे शंभरात २५ असतील तिथे ४३. हा सहसंबंध आहे, यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही. पण संस्थेने तो मनावर घेतला. कार्यक्रम समितीपुढे आकडे ठेवले, संयोजकांत स्त्रिया वाढवल्या आणि केवळ पुरुषांचे परिसंवाद टाळा असं स्पष्ट सांगितलं. २०१५ च्या सर्वसाधारण परिषदेत ४८.५ टक्के तोंडी सादरीकरणं स्त्रियांनी केली. नवे नियम नाहीत, मोठा खर्च नाही.

असं का होतं? समितीची पहिली बैठक डोळ्यांसमोर आणा. पहिल्या दहा मिनिटांत सुचतात ती नावं ओळखीची असतात: आपल्या गाईडचे विद्यार्थी, मागच्या परिषदेत शेजारी बसलेले, गेल्या वर्षी याच व्यासपीठावर बोललेले. चहा येईपर्यंत यादी पक्की होते. म्हणून पाच खुर्च्यांसाठी पंधरा नावं लिहावीत, त्यांत निम्म्या स्त्रिया असल्याशिवाय एकही निमंत्रण पाठवू नये. ‘संचालक किंवा विभागप्रमुखच हवेत’ हा आग्रह सोडावा. त्या पदांवर स्त्रिया आणखी कमी असतात, त्यामुळे अशा अटीने यादी आधीच चाळली जाते. सहयोगी प्राध्यापक, उद्योगातल्या संशोधक, जिल्ह्याच्या महाविद्यालयात काम करणाऱ्या यांचा विषयाशी संबंध तितकाच घट्ट असतो. हे केलं नाही, तर प्रत्येक आयोजक त्याच तीन-चार बाईंना फोन करतो आणि त्या थकून नाही म्हणतात.

नकाराबद्दल दोन अभ्यास वेगवेगळं सांगतात, आणि दोन्ही ध्यानात ठेवावेत. युरोपातल्या उत्क्रांतीशास्त्राच्या २०११ च्या परिषदेत निमंत्रण मिळालेल्या ५० टक्के स्त्रियांनी नकार दिला, पुरुषांत हे प्रमाण २६ टक्के होतं. उलट, अमेरिकेतल्या ५० नामांकित विद्यापीठांतल्या व्याख्यानांच्या २०१८ मधल्या अभ्यासात स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त नकार देतात असं दिसलं नाही, तरी त्या वक्त्या म्हणून कमीच होत्या. म्हणजे ‘बोलावलं तर येत नाहीत’ हे सगळीकडे खरं नाही. पण जिथे खरं आहे तिथे आयोजकाला बरंच करता येतं.

निमंत्रण सहा ते आठ महिने आधी जावं आणि स्त्रियांना पहिल्याच फेरीत जावं. पुरुषांच्या चार खुर्च्या भरल्यावर उरलेल्या एकीसाठी शेवटच्या आठवड्यात धावपळ केली, की नकार मिळणारच. पत्रात ‘परिसंवादात एक महिला हवी आहे’ असं चुकूनही लिहू नये. ‘खारफुटीतल्या कार्बनमोजणीवर तुमचं जे काम आहे, त्यावर १२ मिनिटं बोलावं’ असं नेमकं लिहावं. तिकीट आयोजकांनीच काढावं. आधी खिशातून घालून नंतर बिलं लावायची पद्धत कनिष्ठ पदावरच्यांना परवडत नाही. तान्हं मूल असेल तर सोबत येणाऱ्याची राहण्याची सोय, हिरकणी कक्ष आणि ११ ते ४ मधली वेळ, हे पहिल्याच पत्रात सांगावं. विचारल्यावर सांगू म्हटलं तर बहुतेक जणी विचारत नाहीत, सरळ नाही कळवतात. नकार आलाच, तर त्यांच्याकडूनच आणखी दोन नावं मागावीत आणि रिकामी जागा स्त्रियांच्याच यादीतून भरावी. या बदलीच्या वेळीही संख्या घसरू शकते.

व्यासपीठावर एकटीच स्त्री असेल तर तिला ‘एक महिला म्हणून तुम्हाला काय वाटतं’ हा प्रश्न हमखास येतो आणि तिचा विषय बाजूला राहतो. निदान दोघी हव्यात. सूत्रसंचालिका या हिशेबात धरू नये. आपल्याकडे निवेदन आणि पुष्पगुच्छ स्त्रियांकडे, बोलणं पुरुषांकडे, ही विभागणी इतकी अंगवळणी पडली आहे की ती डोळ्यांना खुपतही नाही.

ओळख करून देतानाही फरक पडतो. अमेरिकेतल्या वैद्यकीय व्याख्यानांचा एक अभ्यास २०१७ मध्ये आला. पुरुषाने पुरुषाची ओळख करून देताना ७२ टक्के वेळा ‘डॉक्टर’ म्हटलं, स्त्रीची ओळख करून देताना ४९ टक्के वेळा. आपल्याकडे ‘डॉ. देशपांडे सर आणि आपल्या जोशी मॅडम’ असं सहज तोंडून जातं. सूत्रसंचालकाच्या हातात सगळ्यांची नावं एकाच साच्यात लिहिलेला कागद द्यावा: पदवी, पूर्ण नाव, संस्था, आणि प्रत्येकाच्या कामाच्या दोन ओळी.

प्रश्नोत्तरांबद्दलही माहिती आहे. दहा देशांतल्या जवळपास २५० व्याख्यानांच्या निरीक्षणात, पहिला प्रश्न पुरुषाने विचारला तर त्यानंतर स्त्रियांचे प्रश्न कमी आले. म्हणून सूत्रसंचालकाने पहिला हात स्त्रीचा निवडावा. भाषणं संपल्यावर दोन मिनिटं थांबावं, लोकांना शेजाऱ्याशी बोलू द्यावं, मग माइक फिरवावा. मागच्या रांगेत स्वयंसेवकाला घड्याळ देऊन बसवावं आणि प्रत्येक वक्त्याची मिनिटं, मध्येच तोडलेली वाक्यं आणि कुणाकडे किती प्रश्न गेले, हे लिहून घ्यावं. तो कागद पुढच्या वर्षीच्या समितीच्या पहिल्या बैठकीत, नावं सुचवायला सुरुवात होण्याआधी, टेबलावर असावा.