‘योगेन चित्तस्य…’ हा श्लोक योगसूत्रातला आहे का?

नागपूरच्या अंबाझरी उद्यानात सकाळी योगवर्गाला जाणाऱ्यांच्या मोबाइलवर एक संदेश वर्षानुवर्षे फिरतो: ‘योगेन चित्तस्य पदेन वाचां…’ हा पतंजलींनी स्वतः रचलेला, योगसूत्रातला पहिला मंत्र आहे.

तसं नाही. योगसूत्राची सुरुवात ‘अथ योगानुशासनम्’ अशी होते. समाधी, साधन, विभूती, कैवल्य या चार पादांत (प्रकरणांत) मिळून १९५ सूत्रं आहेत (काही प्रतींत १९६). हा श्लोक त्यांत कुठेच नाही.

खरा पुरावा श्लोकातच आहे. त्याचा शेवट ‘पतञ्जलिं प्राञ्जलिरानतोऽस्मि’, म्हणजे पतंजलींना मी हात जोडून नमस्कार करतो, असा आहे. योगाने चित्ताचा, व्याकरणाने वाणीचा, वैद्यकाने शरीराचा मळ दूर करणारा मुनिश्रेष्ठ अशी ही स्तुती आहे. ती नंतरच्या कुणा भक्ताने केलेली आहे, हे उघड दिसतं. शिवाय सूत्रं गद्यात आहेत आणि हा श्लोक अकरा-अकरा अक्षरांच्या चार चरणांत बांधलेला आहे, मोजून बघा. (योगसूत्र आणि व्याकरण-महाभाष्य लिहिणारे पतंजली एकच का, यावरही अभ्यासकांत मतभेद आहेत.)

वर्गाआधी तो जरूर म्हणावा. गुरुवंदन म्हणून तो फार सुंदर आहे. पडताळायचंच असेल, तर सीताबर्डीतल्या पुस्तकांच्या दुकानात योगसूत्राची कुठलीही मराठी प्रत उघडून समाधिपादाचं पहिलं सूत्र वाचा.