कला महाविद्यालयाचे पदवीधर आणि सार्वजनिक जीवन (सातारा)

सातारा जिल्ह्यातील आणि शेजारच्या सांगली जिल्ह्यातील लहान कला महाविद्यालयांतून बी. ए. झालेल्या विद्यार्थ्यांनी शाळा, ग्रामपंचायती, सहकारी संस्था, चळवळी आणि विधिमंडळ या क्षेत्रांत केलेल्या कामाचा या नोंदीत विचार केला आहे. हे दोन्ही जिल्हे एकत्र घेण्याचे कारण ऐतिहासिक आहे. १९४९ मध्ये वेगळा झालेला ‘दक्षिण सातारा’ हाच जिल्हा १९६० पासून ‘सांगली’ या नावाने ओळखला जातो, आणि तासगाव, खानापूर, वाळवा भागातील मुले शिक्षणासाठी साताऱ्याची वाट धरत असत. या नोंदीच्या केंद्रस्थानी रयत शिक्षण संस्थेने १९४७ मध्ये साताऱ्यात सुरू केलेले छत्रपती शिवाजी महाविद्यालय आहे.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्याला हलवले. तेथील वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत जेवत आणि स्वयंपाकापासून झाडलोटीपर्यंतची कामे वाटून घेत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. मुलांच्या धान्याची सोय करताना भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिले, ही आठवण साताऱ्यात आजही सांगितली जाते. स्वतः भाऊरावांचे शालेय शिक्षण फार पुढे गेले नव्हते, तरीही खेड्यातल्या मुलाला इतिहास, अर्थशास्त्र आणि साहित्य शिकता आले पाहिजे, केवळ हिशेब आणि सही येऊन भागणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. प्रस्तुत लेखकाच्या मते महाविद्यालयाच्या पुढील सर्व सार्वजनिक कार्याचे मूळ या ओळखीत आहे.

संस्थेचे ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे बोधवाक्य महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ योजनेच्या रूपाने रोजच्या व्यवहारात उतरले. विद्यार्थी शेतात, बागेत, भोजनगृहात किंवा ग्रंथालयात ठरावीक तास काम करीत आणि त्या मोबदल्यातून त्यांचा जेवणाचा व शिक्षणाचा खर्च भागे. १९५४ ते १९५७ या काळात या योजनेचे प्रमुख आणि वसतिगृहाचे रेक्टर म्हणून प्रा. एन. डी. पाटील यांनी काम पाहिले. पुढे शेतकरी कामगार पक्षाचे नेते आणि १९७८ ते १९८० या काळातील सहकारमंत्री म्हणून ते महाराष्ट्राला परिचित झाले. सकाळी खुरपे धरलेल्या हाताने दुपारी राज्यशास्त्राची टिपणे काढायची, हा क्रम तीन-चार वर्षे पाळलेल्या मुलाला गावी परतल्यावर श्रमाची लाज वाटत नसे आणि साहेबाच्या टेबलासमोर उभे राहण्याची भीतीही उरत नसे.

अशा तरुणांची गरजही त्याच सुमारास निर्माण झाली. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा आहे आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कामाला लागल्या. जोडीला विकास सोसायट्या, उपसा जलसिंचन संस्था, दूधसंघ आणि साखर कारखाने उभे राहत होते. या साऱ्यांना सभेचे कामकाज चालवणारी, परिपत्रक वाचून त्याचा अर्थ गावाला समजावणारी आणि प्रोसिडिंग लिहिणारी माणसे हवी होती. प्रोसिडिंग लिहिणे दिसते तेवढे सोपे नसते. पाण्याच्या पाळीवरून तासभर झालेला आरडाओरडा ऐकून त्यातला मुद्दा वेगळा काढायचा, तो तीन ओळींत बसवायचा, खाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे घालायची, विरोध नोंदवला असेल तर तोही प्रामाणिकपणे लिहायचा आणि सभा उठण्यापूर्वी सर्वांना वाचून दाखवायचा. ठराव नीट लिहिला नाही तर पंचायत समितीतून कागद परत येतो आणि गावाचे काम एका वर्षाने लांबते. निबंध, सारांशलेखन आणि वक्तृत्व यांचा महाविद्यालयात झालेला सराव अशा जागी उपयोगी पडतो. कला शाखेच्या पदवीला ‘पोटापाण्याचे शिक्षण नव्हे’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी हा उपयोग क्वचितच हिशेबात धरला आहे.

या परंपरेतून राज्यपातळीवर गेलेल्यांची नावे सर्वपरिचित आहेत. शाहू बोर्डिंगमध्ये वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील याच महाविद्यालयाचे प्राचार्य आणि पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. सोनसळसारख्या लहान गावातून आलेले पतंगराव कदम शिवाजी महाविद्यालयात शिकले, रयतच्या शाळेत शिक्षक झाले, १९६४ मध्ये त्यांनी भारती विद्यापीठाची स्थापना केली आणि पुढे ते अनेक वर्षे राज्याचे मंत्री होते. सांगलीच्या शांतिनिकेतन महाविद्यालयात याच पद्धतीने, काम करून बी. ए. झालेले अंजनीचे आर. आर. पाटील १९७९ मध्ये सांगली जिल्हा परिषदेवर आणि १९९० मध्ये तासगावातून विधानसभेवर निवडून आले. ग्रामविकासमंत्री असताना त्यांनी सुरू केलेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात गावकऱ्यांचे श्रमदान हाच पाया होता, आणि गृहमंत्री म्हणून २००७ मध्ये आणलेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत गावातला वाद गावानेच मिटवावा अशी कल्पना होती. या दोन्ही योजनांत वसतिगृहाच्या जीवनाची छाया स्पष्ट दिसते.

तरीही मंत्र्यांच्या नावांवरून या कार्याचे माप घेणे बरोबर होणार नाही. पदवीधरांपैकी पुष्कळजण शिक्षक झाले. रयतच्या माध्यमिक शाळा आज चारशेहून अधिक आहेत, आणि आडवळणाच्या गावी पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग सुरू करणारे गुरुजी अनेकदा साताऱ्यात शिकलेले असत. वाचनालय चालवणे, निवडणुकीच्या काळात भावकीतली भांडणे थोपवणे, वृद्धांचे पेन्शनचे अर्ज भरून देणे, दैनिकाला गावची बातमी पाठवणे ही त्यांची कामे कोणत्याही गौरवग्रंथात आली नाहीत.

स्त्रियांचा वाटा दीर्घकाळ तोकडा राहिला, कारण मुलीला परगावी ठेवून शिकवण्यास घरे तयार नव्हती. पंचायतींतील महिला आरक्षण १९९३ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्मे झाल्यावर शिकलेल्या सरपंच आणि सदस्य स्त्रियांसाठी वाट मोकळी झाली. स्वतः टिपण वाचून प्रश्न विचारणाऱ्या सरपंचबाईंच्या सभेत त्यांच्या यजमानांना बोलण्यास फारशी जागा उरत नाही.

२०२१ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय, यशवंतराव चव्हाण विज्ञान संस्था आणि धनंजयराव गाडगीळ वाणिज्य महाविद्यालय यांचे मिळून साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ स्थापन झाले.