हागणदारीमुक्ती आणि भरलेल्या खड्ड्याचा प्रश्न

केंद्राने १९८६ साली ग्रामीण स्वच्छतेचा पहिला देशव्यापी कार्यक्रम सुरू केला, तेव्हा अनुदान दिले की शौचालये बांधली जातील आणि बांधली की ती वापरलीही जातील, असे गृहीत धरले होते. पहिला भाग काही अंशी खरा ठरला. गावोगावच्या कित्येक नव्या शौचालयांत मात्र सरपण आणि गोवऱ्या रचल्या गेल्या आणि घरची माणसे पहाटे टमरेल घेऊन पूर्वीसारखीच परसाकडे जात राहिली.

महाराष्ट्राने २००० साली सुरू केलेले संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान वेगळे ठरले ते यामुळे, की त्यात घरटी अनुदान नव्हते. गावागावांत चुरस, श्रमदान आणि बक्षीस एवढ्यावर ते उभे होते. पुढे हागणदारीमुक्त गावांसाठी केंद्राचा निर्मलग्राम पुरस्कार आला आणि राज्याच्या ग्रामपंचायती त्यात आघाडीवर राहिल्या. तरीही २०११ च्या जनगणनेत ग्रामीण महाराष्ट्रातील जेमतेम ३८ टक्के कुटुंबांच्या आवारात शौचालय आढळले. पुरस्कार तपासणीच्या दिवसाचा असतो, सवय रोजची असते, हे तेव्हाच लक्षात यायला हवे होते. उघड्यावर जाणाऱ्यांना पहाटे गाठणाऱ्या गुड मॉर्निंग पथकांनी टमरेले जप्त करून जो धाक बसवला, तोही पथक फिरकेनासे झाल्यावर ओसरे.

खरी अडचण खड्ड्याची आहे. दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयात एक खड्डा काही वर्षांनी भरला की मैला दुसऱ्याकडे वळवायचा. बंद केलेल्या खड्ड्यात वर्ष-दोन वर्षांत कोरडे, वास नसलेले सोनखत तयार होते आणि ते घरच्या माणसाला फावड्याने काढता येते. पण 'ते काढणार कोण' हा प्रश्न आपल्याकडे जातीशी बांधलेला आहे. कोकणात गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी स्वतः मैला उचलून आणि मैल्याचे खत करणाऱ्या गोपुरी संडासाचा प्रसार करून याच समजुतीवर घाव घातला होता. नंतरच्या सरकारी योजनांनी बांधकाम उचलले, ही बाजू मात्र बहुतांशी सोडून दिली. खड्डा भरेल या धास्तीने तो अवाढव्य खणणारी किंवा शौचालय फक्त पाहुण्यांसाठी राखणारी कुटुंबे त्यातूनच दिसतात.

२०१४ च्या स्वच्छ भारत मिशनमध्ये १२,००० रुपयांच्या प्रोत्साहन रकमेने बांधकामाला पुन्हा वेग आला आणि २ ऑक्टोबर २०१९ रोजी ग्रामीण भारत हागणदारीमुक्त जाहीर झाला. २०२० पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात एका खड्ड्याच्या शौचालयाला दुसरा खड्डा जोडणे आणि खड्ड्यांत साचलेल्या मैलागाळाची विल्हेवाट ही कामे आली आहेत. पहिल्या टप्प्यात बांधलेले खड्डे आता भरत आले आहेत.