स्टिल्ब, लँबर्ट, अ‍ॅपोस्टिल्ब: प्रकाशाची जुनी मापं आली कुठून?

डोळ्यांच्या दृष्टिक्षेत्र तपासणीच्या यंत्राच्या माहितीपत्रकात ‘३१.५ अ‍ॅपोस्टिल्ब’ असं छापलेलं असतं. फिल्म प्रोजेक्टरच्या कागदांत ‘१६ फूट-लँबर्ट’ सापडतं, आणि १९३०-४० च्या दशकातल्या दृष्टीविषयक शोधनिबंधांत पानोपानी ‘मिलिलँबर्ट’. तिन्ही मापं एकाच राशीची, ल्युमिनन्सची. एखाद्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे आपल्या दिशेने किती प्रकाश निघतो, ते ही राशी सांगते. आज तिचं अधिकृत एकक आहे कँडेला प्रति चौरस मीटर; कँडेला हे एका दिशेला जाणाऱ्या प्रकाशाच्या तीव्रतेचं एकक. मोबाइल आणि टीव्हीच्या जाहिराती त्यालाच निट म्हणतात, पण हे नाव एसआय पद्धतीच्या अधिकृत यादीत नाही.

रूपांतराचे आकडे कुठल्याही कोष्टकात मिळतात. १ स्टिल्ब (दर चौरस सेंटिमीटरला १ कँडेला) म्हणजे १०,००० निट, १ लँबर्ट म्हणजे ३,१८३ निट, १ फूट-लँबर्ट म्हणजे ३.४२६ निट आणि १ अ‍ॅपोस्टिल्ब म्हणजे ०.३१८३ निट. अ‍ॅपोस्टिल्बचा हजारावा भाग म्हणजे स्कॉट. तो अगदी मंद प्रकाशासाठी होता. आकडे मिळूनही माणसं चुकतात. त्यामागची दोन कारणं इतिहासातली आहेत: एक म्हणजे मेणबत्ती कुणाची, आणि दुसरं म्हणजे पाय, म्हणजे वर्तुळाचा तो ३.१४१५९, मध्ये घ्यायचा की नाही.

आधी मेणबत्ती. प्रकाश मोजण्याचा शास्त्रशुद्ध प्रयत्न पियेर बूगे या फ्रेंच माणसाने १७२९ मध्ये केला आणि योहान हाइनरिश लँबर्टने १७६० च्या ‘फोटोमेट्रिया’ या लॅटिन ग्रंथात त्याला गणिताची बैठक दिली. पण तुलना करायला ठरावीक ज्योत लागते, आणि प्रत्येक देशाने आपापली ज्योत धरली. ब्रिटनने १८६० च्या गॅसविषयक कायद्यात स्पर्मासेटी या व्हेलच्या मेणाची मेणबत्ती ठरवली: वजन पौंडाचा सहावा भाग, जळण्याचा वेग तासाला १२० ग्रेन. फ्रान्समध्ये तासाला ४२ ग्रॅम कोल्झा तेल जाळणारा कार्सेल दिवा होता. त्याचा प्रकाश जवळपास दहा मेणबत्त्यांएवढा. जर्मनीत फ्रीडरिश फॉन हेफ्नर-आल्टेनेकने १८८४ मध्ये अ‍ॅमिल अ‍ॅसिटेटवर चालणारा दिवा सुचवला. त्याची वात ८ मिलिमीटर व्यासाची आणि ज्योत बरोबर ४० मिलिमीटर उंच ठेवायची. ज्योत जराशी वरखाली झाली तरी माप बदलतं, त्यामुळे हे काम किती जिकिरीचं असेल याची कल्पना यावी. तरीही हेफ्नरचा दिवा त्या काळातला सगळ्यात भरवशाचा होता. जळणारा पदार्थ एकच शुद्ध रसायन असल्यामुळे दिवा कुठेही तसाच तयार करता यायचा.

१९०९ मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि अमेरिका ‘आंतरराष्ट्रीय मेणबत्ती’वर एकमत झाले. जर्मनी हेफ्नरवरच राहिली; तिची मेणबत्ती आंतरराष्ट्रीय मेणबत्तीच्या ०.९ पट. म्हणून दोन युद्धांच्या मधल्या काळातल्या जर्मन लेखात ‘स्टिल्ब’ दिसला तर तो सरळ १०,००० ने गुणायचा नाही. तिथे बहुधा हेफ्नर मेणबत्ती प्रति चौरस सेंटिमीटर अभिप्रेत असते आणि उत्तर ९,००० निटच्या आसपास येतं. कोष्टकं ही गोष्ट सांगत नाहीत.

ज्योतीतून सुटका करणारी कल्पना ज्यूल व्हिओलने १८८१ मध्ये मांडली होती: वितळलेलं प्लॅटिनम गोठू लागतं तेव्हा त्याच्या एका चौरस सेंटिमीटरमधून निघणारा प्रकाशच एकक धरावा. तिचं सुधारलेलं रूप शेवटी १९४८ मध्ये कँडेला म्हणून स्वीकारलं गेलं. प्लॅटिनमच्या गोठणबिंदूवर असलेल्या कृष्णपदार्थाचं (पडलेला सगळा प्रकाश शोषणाऱ्या आदर्श पदार्थाचं) ल्युमिनन्स ६० कँडेला प्रति चौरस सेंटिमीटर मानायचं, असं ठरलं. म्हणजे नव्या एककाची व्याख्या ‘६० स्टिल्ब’ या वाक्यावर उभी होती. जुनी आंतरराष्ट्रीय मेणबत्ती या कँडेलापेक्षा सुमारे दोन टक्के मोठी भरते. १९७९ मध्ये प्लॅटिनमही गेलं. आता व्याख्या ५४० × १०^१२ हर्ट्झच्या प्रकाशावर आहे आणि त्यातला ६८३ (दर वॉटमागे इतके ल्युमेन, म्हणजे डोळ्याला जाणवणाऱ्या प्रकाशाची एककं) हा विचित्र आकडा केवळ जुन्या मापाशी सांधा जुळावा म्हणून आहे.

आता पाय. पांढऱ्या, पूर्ण मॅट पृष्ठभागावर पडलेला सगळा प्रकाश परत फेकला जातो असं समजा. तो सगळ्या दिशांना विखुरतो, पण तिरप्या दिशेला कोनाच्या कोसाइनच्या प्रमाणात कमी. हा लँबर्टचाच नियम. अर्धगोलावरची बेरीज केली की अर्धगोलाचा पूर्ण घन कोन (त्रिमितीतला कोन) २ पाय असूनही उत्तर पाय येतं. लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचं एकक. म्हणून १ लक्स प्रकाश पडलेल्या आदर्श पांढऱ्या कागदाचं ल्युमिनन्स १ भागिले पाय, म्हणजे ०.३१८३ निट.

व्यवहारात हा भागाकार कुणालाच नको होता. त्यामुळे एककातच पाय गिळून टाकला. १ लक्सखालचा आदर्श कागद म्हणजे १ अ‍ॅपोस्टिल्ब, १ फूट-कँडलखालचा (पडणाऱ्या प्रकाशाचंच, पण फुटातलं एकक) १ फूट-लँबर्ट, आणि १ फोटखालचा, फोट म्हणजे १०,००० लक्स, १ लँबर्ट. कागद ८० टक्केच प्रकाश परतवत असेल तर ०.८ ने गुणा, झालं. प्रकाशयोजना करणाऱ्या अभियंत्याला याहून सोयीचं काही नव्हतं, आणि ही एककं कुणाच्या अडाणीपणातून जन्मली असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. गंमत अशी की पाय ही अपरिमेय संख्या आहे हे १७६० च्या दशकात याच लँबर्टने सिद्ध केलं. त्याच्या नावाचं एकक कँडेलात बदलताना आकडा कधीच पूर्ण सुटत नाही, हे त्याला साजेसंच म्हणायचं.

सोय एकीकडे, घोटाळा दुसरीकडे. कँडेला प्रति चौरस फूट आणि फूट-लँबर्ट दोन्हींत ‘फूट’ आहे, पण पहिलं १०.७६ निट आणि दुसरं ३.४२६ निट. फरक नेमका पाय पट. जुनं उत्तर तिप्पट किंवा एक-तृतीयांश वाटलं की पहिला संशय इथेच घ्यावा. मिलिलँबर्ट आणि फूट-लँबर्टची मात्र उलट अडचण: १ मिलिलँबर्ट म्हणजे ०.९२९ फूट-लँबर्ट, इतकं जवळ की अदलाबदल झाली तरी आकडा पटण्यासारखाच दिसतो.

दृष्टिशास्त्रातले आलेख लॉगॅरिदममध्ये असतात, त्यामुळे तिथे गुणाकाराऐवजी बेरीज पुरते. लॉग मिलिलँबर्टमध्ये ०.५०३ मिळवा, लॉग फूट-लँबर्टमध्ये ०.५३५ मिळवा, लॉग अ‍ॅपोस्टिल्बमधून ०.४९७ वजा करा, की लॉग निट मिळतो. अंधाराला डोळा सरावण्याच्या आलेखांवर ‘मायक्रो-मायक्रोलँबर्ट’ हे लांबलचक नाव दिसतं, म्हणजे लँबर्टचा १०^१२ वा भाग. तिथे लॉगमधून ८.४९७ वजा करायचे. ट्रोलँड मात्र या रांगेत बसत नाही. ते निट गुणिले डोळ्याच्या बाहुलीचं क्षेत्रफळ, चौरस मिलिमीटरमध्ये, असं दृष्टिपटलावरच्या प्रकाशाचं माप आहे. बाहुलीचा आकार माहीत नसेल तर त्यावरून ल्युमिनन्स काढता येत नाही. लेनर्ड ट्रोलँडने स्वतः या एककाला ‘फोटॉन’ म्हटलं होतं. गिल्बर्ट ल्यूइसने १९२६ मध्ये तोच शब्द प्रकाशकणाशी जोडून रूढ केला, त्यामुळे जुना निबंध वाचताना बुचकळ्यात पडायला होतं.

ही एककं अजून पूर्ण गेलेली नाहीत, याचं कारण यंत्रं. फिल्म प्रोजेक्टरसाठी फिल्मची पट्टी न लावता पडद्याच्या मध्यभागी १६ फूट-लँबर्ट, म्हणजे ५५ निट, हे प्रमाण होतं. डिजिटल सिनेमात १४ फूट-लँबर्ट ठरलं, आणि मानकात दिसणारे ४८ निट तिथूनच आलेत. दुसऱ्या टोकाला, एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणाऱ्या चित्रांसाठीच्या पीक्यू या संकेतनाची कमाल मर्यादा १०,००० निट, म्हणजे नेमका १ स्टिल्ब आहे.

नेत्रचिकित्सेत अ‍ॅपोस्टिल्ब टिकला तो हान्स गोल्डमानच्या दृष्टिक्षेत्र तपासणीच्या १९४५ च्या अर्धगोलाकृती यंत्रामुळे. आतली पार्श्वभूमी ३१.५ अ‍ॅपोस्टिल्ब, म्हणजे १० निट. आजची बरीच यंत्रंही तीच ठेवतात. रुग्णाच्या कागदावर मात्र डेसिबल छापले जातात, आणि ते निरपेक्ष माप नाही. तपासणीत दाखवलेला प्रकाशाचा ठिपका यंत्राच्या कमाल ठिपक्यापेक्षा किती मंद, एवढंच ते सांगतात. हम्फ्री या दृष्टिक्षेत्र तपासणीच्या यंत्राचा कमाल ठिपका १०,००० अ‍ॅपोस्टिल्ब, म्हणजे बरोबर १ लँबर्ट. त्यावर २७ डेसिबल म्हणजे सुमारे २० अ‍ॅपोस्टिल्ब, ६.४ निट. ज्या यंत्राची कमाल ४,००० आहे त्यावर तेच २७ डेसिबल म्हणजे ८ अ‍ॅपोस्टिल्ब, २.५ निट. त्यामुळे दोन यंत्रांवरचे अहवाल शेजारी ठेवायचे असतील तर आधी दोघांची कमाल अ‍ॅपोस्टिल्बमध्ये शोधावी लागते, आणि ती बहुतेक वेळा माहितीपत्रकाच्या मागच्या पानांवर असते.