गुळाचा चहा नासतो, त्यात गुळाचा दोष किती?

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक चित्रफीत फिरत होती. तिच्यात एक गृहस्थ उकळत्या दुधात गुळाचा खडा टाकतात, दूध फुटते, आणि ते जाहीर करतात की हा गूळ भेसळीचा आहे, कारण अस्सल गूळ दूध कधीच नासवत नाही. योगायोग असा की त्याच सकाळी आमच्या स्वयंपाकघरात करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावरून आणलेली ढेप फोडली होती. तो रस काहिलीत आटत असताना मी स्वतः चुलवणाशेजारी उभा होतो, त्यामुळे त्यात काय पडले आणि काय नाही हे मला ठाऊक होते. त्या गुळाचा चहाही नासला, आणि तोही पाहुण्यांसमोर.

कोल्हापुरात गुळावर शंका घेणे ही गंभीर गोष्ट आहे. म्हणून या प्रकरणातला खरा आरोपी कोण, ते नीट पाहिले पाहिजे, आणि त्यासाठी आधी दुधात शिरावे लागेल.

दुधातील प्रथिनांपैकी गाईच्या दुधात सुमारे 80 टक्के भाग केसीन या एकाच कुटुंबाचा असतो. केसीनचे रेणू दुधात सुटे तरंगत नाहीत. ते हजारोंच्या संख्येने एकत्र येऊन गोलसर पुंजके बनवतात आणि त्या पुंजक्यांच्या आत कॅल्शियम फॉस्फेटचे अतिसूक्ष्म कण सांध्यासारखे काम करतात. असा एक पुंजका साधारण 100 ते 200 नॅनोमीटरचा, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेषेवर पाच ते दहा हजार पुंजके सहज मावतील. दूध पांढरे दिसते ते बरेचसे यांच्यामुळे आणि स्निग्धाच्या थेंबांमुळे, कारण दोन्ही प्रकाश सर्व दिशांना विखुरतात.

आता प्रश्न असा की हे कोट्यवधी पुंजके सतत एकमेकांवर आदळत असतानाही चिकटत का नाहीत. त्याचे उत्तर त्यांच्या पृष्ठभागावर आहे. तिथे कॅपा-केसीन नावाच्या प्रकाराची शेपटे पाण्यात बाहेर आलेली असतात, जणू प्रत्येक पुंजक्याला बारीक लव फुटली आहे. या लवेवर ऋण विद्युतभार असतो. दोन पुंजके जवळ आले की समान भार एकमेकांना ढकलतात आणि लवेला लव अडते. दुधाचे सारे स्थैर्य या काही नॅनोमीटर जाडीच्या लवेवर उभे आहे, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

ही लव आडवी पाडण्याचे मार्ग अनेक आहेत. आम्ल वाढले की हायड्रोजनचे धनभारित आयन लवेवरील ऋणभार पुसत जातात. ताज्या दुधाचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) 6.6 ते 6.7 असतो, तो 4.6 पर्यंत उतरला की केसीनवरील एकूण भार शून्य होतो आणि दही लागते. पण हे झाले खोलीच्या तापमानाचे. उकळत्या दुधाला इतके खाली यावे लागत नाही. सामू 6 च्या थोडा खाली घसरला तरी ते फुटते. याचे कारण असे की उष्णतेने कॅल्शियम फॉस्फेट कमी विरघळू लागते, ते बाहेर पडताना हायड्रोजन आयन मोकळे होतात, म्हणजे तापलेले दूध आपण होऊनच किंचित आंबटाकडे झुकते. शिवाय कॅपा-केसीनचा काही भाग पुंजक्यावरून सुटतो, आणि निवळीतली एरवी गुंडाळलेली प्रथिने उलगडून उरलेल्या लवेला चिकटतात. त्यातच कॅल्शियमचे सुटे आयन वाढले, तर त्यांचा दुहेरी धनभार शेजारच्या दोन पुंजक्यांना पुलासारखा जोडतो. वाचकाला हा परिच्छेद जड गेला असल्यास एवढेच लक्षात ठेवावे की उकळते दूध कड्यावर उभे असते आणि त्याला हलका धक्का पुरतो.

गूळ तो धक्का देतो, आणि तो धक्का भेसळीतून येत नाही. उसाचा ताजा रस मुळातच आम्लधर्मी असतो. त्याचा सामू साडेपाचच्या आतबाहेर असतो. गुऱ्हाळावर भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी वर आणतात आणि चुन्याची निवळी घालून आम्लता थोडी मारतात. चुना किती घालायचा, हे गूळ करणारा कारागीर, म्हणजे गुळव्या, रसाचा रंग आणि फेस पाहून ठरवतो. त्यानंतर 118 अंश सेल्सिअसच्या आसपास रस येईपर्यंत तो आटवला जातो. तयार गुळाच्या पाण्याचा सामू त्यामुळे बहुधा 5 ते 6 च्या दरम्यान राहतो. साखर कारखान्यात जी आम्ले आणि जे क्षार मळीबरोबर, म्हणजे साखर वेगळी केल्यावर उरणाऱ्या काळ्या पाकाबरोबर, बाजूला जातात, ते इथे ढेपेतच राहतात. पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम सगळे. गुळाला चव आहे ती यांच्यामुळे, आणि चहा नासतो तोही यांच्यामुळे.

तरीही सगळा दोष सामूवर टाकता येत नाही. कोऱ्या चहाचा सामूही 5 च्या जवळपास असतो आणि रोजचा साखरेचा चहा काही नासत नाही, कारण दुधातील फॉस्फेट आणि सायट्रेट क्षार थोडेफार आम्ल पचवून टाकतात. गुळाच्या बाबतीत खरी गोम खड्यात आहे. उकळत्या चहात टाकलेला खडा तळाशी बसतो, आणि पातेल्याचा सर्वांत तापलेला भाग तोच. तिथे खड्याभोवती काही क्षण गुळाचा जवळजवळ पाक तयार होतो. त्या पाकाला लागून असलेल्या दुधात आम्ल आणि क्षार सरासरीच्या कितीतरी पट असतात, ते दूध तिथल्या तिथे फुटते, आणि एकदा झालेली गुठळी नंतर कितीही ढवळले तरी पुन्हा विरघळत नाही.

हे पडताळण्यासाठी मी त्याच ढेपेचा गूळ तीन पातेल्यांत वापरला. पहिल्यात दूध घालून उकळलेल्या चहात खडा टाकला. अर्ध्या मिनिटात कडेला बारीक कण दिसू लागले आणि मग हिरवट निवळी वेगळी झाली. दुसऱ्यात बारीक चिरलेला गूळ आधी चहापत्तीच्या पाण्यात पूर्ण विरघळवला, पातेले खाली उतरवले, मिनिटभर थांबून वेगळे तापवलेले दूध धारेने ओतले. चहा साफ राहिला. तिसऱ्यात पहिलीच कृती केली, फक्त गुळाआधी चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला. तो चहाही फुटला नाही, पण त्याचा रंग काळपट तांबडा झाला आणि चव साबणासारखी लागली, तेव्हा तो मोरीत गेला.

तिसऱ्या पातेल्याने चित्रफितीतल्या गृहस्थांची चाचणी उलटी फिरवली आहे. गुळाचा रंग उजळण्यासाठी काही ठिकाणी धुण्याचा सोडा किंवा हायड्रोस नावाने मिळणारी सोडियम हायड्रोसल्फाइटची पूड वापरतात. यांतला सोडा आम्ल मारतो. म्हणजे सोडा घातलेला गूळ दूध नासवण्याची शक्यता कमी, आणि ज्याला काहीच लावलेले नाही तो नासवण्याची शक्यता अधिक! दूध फुटल्यावरून भेसळ ठरवणारे लोक चुकीच्या गुऱ्हाळाला शिक्षा देत आहेत. हीच मंडळी गूळ ‘नैसर्गिक’ असल्याने मधुमेहींना चालतो, असेही सांगतात. गुळाच्या वजनाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग शर्कराच असतो आणि त्याने रक्तातील साखर वाढतेच. तो चुलवणावर झाला की कारखान्यात, हे शरीर विचारत नाही.

ऋतूचाही यात हात आहे. रस आटताना आम्ल आणि उष्णतेमुळे सुक्रोजचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये मोडतो, आणि फ्रुक्टोज हवेतील ओलावा ओढून घेतो. आपल्याकडे आषाढ-श्रावणात ढेप पाझरू लागते ती यामुळे. त्या ओलसर थरात यीस्ट आणि जिवाणू वाढतात, आम्ल आणखी तयार होते. म्हणून जो गूळ माघात गुणी होता तोच श्रावणात चहा नासवतो. पावसाळ्यासाठी ठेवायचा गूळ कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि पाझरलेला वरचा थर आमटीत किंवा चिंचेच्या सारात वापरून टाकावा, तिथे आंबटपणाची तक्रार नाही. सकाळचे दूध संध्याकाळपर्यंत बाहेर राहिले असेल, तर त्यात आधीच आम्ल झालेले असते; अशा दुधाला गुळाची गाठ घालू नये. आणि आले घालायचे असेल तर तेही पाण्यातच उकळावे, कारण कच्च्या आल्यात केसीन कापणारे एक विकर असते. ते उकळीने निकामी होते, पण कोमट दुधात किसून टाकलेले आले गुळाच्या मदतीशिवायही दूध घट्ट करू शकते.

आमच्या आजीला यातले काही माहीत नव्हते. ती खपली गव्हाची हुग्गी करताना शिजलेल्या गव्हात गूळ आणि खोबरे घालून चांगली रटरटू द्यायची; दूध मात्र पातेल्यात कधीच पडायचे नाही. ते वेगळ्या तांब्यात असायचे, आणि पंगतीत वाढून झाल्यावर, हुग्गीची वाफ जरा बसली की ती ते प्रत्येकाच्या ताटात स्वतः ओतायची.