पार्श्वभूमी : गॅलरीतल्या कोपऱ्यातली रेंज

गिरगावातल्या आमच्या चाळीत आत्या फोनवर बोलायची ती गॅलरीच्या एका ठरलेल्या कोपऱ्यातच. ‘इथंच रेंज येते’ म्हणायची. वीतभर सरकली की आवाज तुटायचा. आम्ही हसायचो, पण तिचं चुकत नव्हतं. भिंतींवर, पत्र्यांवर आपटून आलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात. कुठे जोर वाढतो, कुठे पार मारला जातो. ९०० मेगाहर्ट्‌झची मोबाईल-लहर सुमारे ३३ सेंटीमीटरची, आणि सिग्नलचे खड्डे साधारण अर्ध्या लहरीगणिक पडतात. म्हणजे १६-१७ सेंटीमीटर. आत्याची वीत!

मग रेंज मोजायची नेमकी कुठे?

भारतात पहिला मोबाईल कॉल झाला ३१ जुलै १९९५ रोजी. हा प्रश्न त्याहून जुना. जपानी अभियंते योशिहिसा ओकुमुरा यांनी टोकियो परिसरात गाडीतून मोजमापं घेऊन १९६८ साली आलेख मांडले. मासाहारू हाता यांनी १९८० मध्ये ते सूत्रात बसवले : अंतर, अँटेनाची उंची आणि वस्तीचा प्रकार घाला, सिग्नल किती घटेल ते काढा. अंदाजाला उत्तम. पण लालबागला तीन मजली चाळीला खेटून काचेचा टॉवर उभा राहतो, तिथे सूत्राचं काय चालणार? मोजयंत्र घेऊन गाडी फिरवावीच लागते. तीच ड्राइव्ह टेस्ट.

खरी मेख पुढे आहे. मोजमापांची सरासरी काढून खड्डे बुजवायचे, पण इमारतीच्या आडोशाने आलेला उतार सपाट करायचा नाही. फार थोड्या अंतराची सरासरी काढली तर खड्डे उरतात, फार मोठ्या अंतराची काढली तर आडोसाच पुसला जातो. मोबाईल अभियंते विल्यम ली यांनी १९८५ मध्ये हिशेब दिला : २० ते ४० लहरींच्या अंतरात ३६ ते ५० नमुने, म्हणजे तितक्यांदा मोजणं. ९०० मेगाहर्ट्‌झला ४० लहरी म्हणजे १३ मीटर, बेस्टच्या बसपेक्षा थोडं जास्त.

जीएसएममध्ये, म्हणजे टूजी मोबाईलच्या तंत्रात, बोलणं चालू असताना फोन दर ४८० मिलिसेकंदांनी स्वतःचं मोजमाप टॉवरला कळवतो. (स्क्रीनवरच्या काड्यांवर जाऊ नका, किती सिग्नलला किती काड्या, हे फोन बनवणारा ठरवतो.) ही मोजमापं ठिकाणासह गोळा करण्याची सोय २०११ च्या सुमारास मोबाईलची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संघटनेच्या दहाव्या आवृत्तीत आली. गाडी जिथे पोचत नाही त्या जिन्यांत, माजघरांत फोन असतोच. फक्त तो तळमजल्यावर आहे की विसाव्या, हे इमारतीच्या आत जीपीएसला धड सांगता येत नाही.